जागली

काट्यावरचा जुना कम्प्युटर
जिनिंगवाल्यांनी सहाशेला दिला.
उघडला तर आत सरकी नव्हती, एवढंच.
पंख्याभोवती रुईचा पेळू वळलेला.
मी मोटारी भरणारा माणूस, ब्रश घरचाच.
दुसरं नेटवर्क कार्ड अमरावतीहून
एसटीच्या पार्सलनं आलं.

कारण असं, की गोठ्यावरचा कॅमेरा
दर अकरा मिनिटांनी बाहेर कुणाला तरी हाक मारत होता.
वैजयंतीनं पकडलं ते.
ती रात्री नागपूरच्या दवाखान्याचे कागद टाइप करते,
कोणाला कोणता आजार, सगळं तिच्या मशीनमध्ये.
"म्हशीवर नजर ठेवायले आणला," ती म्हणाली,
"अन् हा तं आपलीच खबर देऊन राह्यला."

मग दाराशी कुणाला बसवायचं, याची चौकशी सुरू झाली.

पहिला बसवला तो देखणा होता.
आलेख, रंगीत काटे, हिरवे दिवे.
पण आठवड्याला त्याचं काही तरी निघायचंच:
हे नवं घ्या, ते बदला, मी जरा बंद होऊन येतो.
मांडवातल्या व्याह्यासारखा,
समजूत काढता काढता जेवण निवायचं.

दुसरा गुणी होता.
पोळ्याच्या दिवशी सुधारणा अर्ध्यात असताना लाइन गेली
आणि तो पुन्हा उठलाच नाही.
वैजयंती रात्रभर शेजारच्यांच्या मोबाइलवरून कागद पाठवत बसली,
मला एक शब्द बोलली नाही.
ते जास्त लागलं.

सोनबा कोवे आमच्या तुरीवर जागलीला असायचा.
मचाणावर टिनाचा डबा आणि एक काठी.
रात्री काय काय दिसलं, मी विचारायचो,
डुक्कर आलं होतं का, रोही किती होते.
तो पाय धूत म्हणाला एकदा,
"सकाळी जो जागल्या लय गोष्टी सांगते,
तो झोपला होता समज."

तिसऱ्याचं चित्र म्हणजे फुगलेला काटेरी मासा.
बसवताना नुसती अक्षरं, निळ्यावर पांढरी,
विचारलं तेवढंच बोलला.
नियम एका फाइलीत, चौदा ओळी.
पहिली: सगळ्यांना अडव.
मग ज्याला त्याला वाट.
कॅमेऱ्यानं घरात काय बोलायचं ते बोलावं,
कुंपणापलीकडे नाही.
नवी आवृत्ती वर्षातून दोनदा,
एक खरिपाच्या तोंडाशी, एक रब्बीच्या.
एवढं झेपतं. त्या दिवसांत तसेही
गावभरचे स्टार्टर माझ्या ओसरीवर असतात,
मी जागाच असतो.

खोट आहे, नाही असं नाही.
लाइन तडकाफडकी गेली तर उठल्यावर
आधी आपली पोती मोजत बसतो.
एकदा तर अडलाच,
हो म्हणा, हो म्हणा, पन्नासदा हो म्हणवलं.
तेव्हा डिस्कवर लिहिणंच बंद केलं,
फक्त वाचायचं.
रात्रीचं रात्री लक्षात ठेवायचं,
वीज गेली की विसरायचं.
आणि पंपाला ऑटो लावतो तसं आतून सांगून ठेवलं,
लाइन आली की आपणहून उठ,
कुणाच्या बटणाची वाट पाहू नको.

मार्गशीर्षात आदिलाबादकडे काम लागलं, बारा दिवस.
रोज फोन. म्हशी, पाणी, पोरीचा खोकला.
पेटीचं विचारायचं मनात यायचं
आणि राहून जायचं.

परतलो तर पेटीवर गोणपाटाची घडी,
घडीवर दह्याचं भांडं.
"गरम राह्यते," वैजयंती म्हणाली,
"थंडीचं विरजण लागत नव्हतं कुठीच."

मी पडदा जोडून पाहिलं.
उठून नऊ तास झालेले.
कॅमेऱ्याच्या एकोणपन्नास हाका अडवलेल्या.

"रात्री लाइन गेली होती काय?"

"गेली होती?" ती म्हणाली,
आणि भांडं हलवू नको म्हणून
माझा हात बाजूला केला.